उशी धरायची, बोलायचं न्हाय

आमच्या नातीला मी बाय म्हणतो. ती नऊ वर्षांची आहे आणि बोलत नाही. म्हणजे आवाज काढते, हसते, मला दारात बघितलं की दोन्ही पाय एकदम आपटते, पण शब्द नाही. ती तीन वर्षांची असताना डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं. मला तेव्हा ते कळलं नव्हतं, आणि आता सगळं कळतं असं मी म्हणणार नाही. मला लिहायचं आहे ते तिच्या उजव्या हाताचं. तो हात मूठ वळून वर जायचा आणि भुवईवर, कधी थेट डोळ्यावर आपटायचा. एकदा नाही, सलग सात-आठ वेळा. भुवईवरची कातडी खोऱ्या-कुदळीवर राबणाऱ्याच्या तळहातासारखी जाड झाली होती.

डोळ्याच्या डॉक्टरांनी सुनेला सांगितलं, हे असंच चाललं तर आतला पडदा सुटेल, आणि एकदा सुटला की नजर परत येईल याची खात्री नाही. त्या दिवशी सून घरी येऊन शिलाई मशीनपुढं बसली. पायडलवर पाय ठेवला, पण मशीन काही चालवली नाही. पुढं जे काही झालं ते त्या एका डोळ्यापायी.

आता माझं सांगतो. मी गुळव्या. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतो, तो पाक नेमका कधी उतरवायचा हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. जरा आधी उतरला तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. शाळा माझी तिसरीपर्यंत, पण चाळीस हंगाम मी पाकाला नुसतं बघून सांगितलं, आणि मी हात वर केला की पाच माणसं काहील उचलायची. कुणी फिरून विचारलं नाही. बायको गेली, गुडघे गेले, मग मुलानं मला कोल्हापुरात आणलं. राजारामपुरीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मुलगा फौंड्रीत पाळीवर जातो, सून घरी ब्लाउज शिवते. दिवसभर घरात मी आणि बाय.

गावच्या गुऱ्हाळातून मला दर हंगामाला गूळ येतो. तो फोडून स्टीलच्या डब्यात भरून मी खाटेखाली ठेवतो. आमच्या गुऱ्हाळाचा रिवाज असा की आलेला माणूस हातावर गूळ पडल्याशिवाय परत जायचा नाही. वाटसरू असो, शाळेतून सुटलेली पोरं असोत, नुसती वाट विचारायला थांबलेला पावणा असो. मालकाला विचारायचं नाही. देणं गुळव्याच्या हातचं.

मी इथं आलो त्याला महिना झाला असेल. बाय माझ्या खाटेपुढं बसली होती आणि तिचं मारणं सुरू झालं. सून स्वयंपाकघरातून पळत आली, तिनं उजवा हात धरला तर बायनं डावा चालवला. मला काय सुचलं, मी डब्यातला खडा काढून त्या मुठीला लावला. मूठ उघडली. खडा तोंडात गेला. घर गप्प झालं. सून माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "मामा, तुमाला जमलं की."

मला फार बरं वाटलं, हे कशाला लपवू. मुलाला जमत नव्हतं, सुनेला जमत नव्हतं, दवाखान्याला जमलं नव्हतं. मला जमलं. त्यानंतर बायनं हात उचलला की घरातून हाक यायची, आबा, बघा जरा. मी डबा घेऊन उठायचो. शेजारची बाई एकदा मुद्दाम बघायला आली होती. असं वर्षभर चाललं. त्या वर्षात मारणं कमी झालं नाही, वाढत गेलं, हे मला दिसत होतं. पण मला वाटायचं दुखणं वाढतंय, नशीब मी घरात आहे.

मग डोळ्याच्या डॉक्टरांचं ते बोलणं झालं आणि सुनेनं मॅडमना बोलावलं. वय तिशीचं. इचलकरंजीच्या. वडील जन्मभर मागावर कामाला, घरी नमाजाची शिस्त, आणि ही पोरगी बाहेर जाऊन हे वागणुकीचं शास्त्र शिकून आलेली. राजारामपुरीत एका क्लासच्या वर त्यांचं केंद्र आहे. पहिल्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या, जमिनीवर बसल्या आणि दोन तास काहीच केलं नाही. बायला हात लावला नाही, औषध नाही, उपदेश नाही. नुसतं बघायचं आणि लिहायचं. मी सुनेला विचारलं, ह्या काय नुसत्या बसायला आल्यात व्हय? त्यांनी ऐकलं आणि वहीतून डोकं वर न काढता सांगितलं, "व्हय आजोबा. आज बसायचंच काम हाय."

जाताना त्यांनी एक कागद दिला. त्यावर तीन रकाने. बायनं मारलं की पहिल्यात लिहायचं आधी काय झालं, दुसऱ्यात तिनं काय केलं, तिसऱ्यात नंतर काय झालं. दिवसभर घरात मीच, म्हणून मी म्हटलं मी लिहितो. मुलगा हसला, आबा तुम्हाला पेन धरून किती वर्षं झाली. मी पेन घेतलंच. माझं अक्षर बैलाच्या मुतासारखं वाकडं जातं, पण शब्द कुठं जास्त लागत होते? पहिल्या रकान्यात वेणी, टीव्ही बंद, कधी 'काय न्हाय'. तिसऱ्या रकान्यात गूळ. गूळ, गूळ, गूळ, वरपासून खालपर्यंत.

आठ दिवसांनी मॅडमनी तो कागद बघितला आणि म्हणाल्या की इतका खरा कागद त्यांना फार कमी घरांतून येतो. मी ते मुलाला दोनदा सांगितलं. त्या कागदात त्यांनी काय वाचलं असेल, हा विचार माझ्या मनात आला नाही. मला वाटलं, माझं औषध किती वेळा लागू पडलं त्याची ती नोंद आहे.

पुढच्या आठवड्यात आम्ही केंद्रात गेलो. एका खोलीत बाय आणि मॅडम, आम्ही काचेच्या अलीकडं. बायच्या डोक्यावर मऊ टोपी, आणि बाजूला एक ताई उशी घेऊन तयार बसलेली, हात जोरात आला तर मध्ये धरायला. मॅडम तिच्याजवळ बसून पुस्तक वाचत राहिल्या. बायकडं बघेचनात. बायनं हात मारला की मात्र लगेच वळून, अगं नको, नको, म्हणून पाठीवर हात फिरवला, आणि परत पुस्तकात. थोड्या वेळानं वेगळंच. मणी ओवायला दिले, ओव म्हणून मागं लागल्या, बायनं मारलं की मणी बाजूला केले. मग माझाच डबा. गूळ दिला, डबा बंद केला, तिनं मारलं, परत गूळ दिला. मग एकदा सगळी खेळणी पुढं ओतली आणि काहीच मागितलं नाही.

मला यातलं काही कळंना. दुखणं बरं करायला आणलेल्या पोरीला ह्या बाई मुद्दाम चिडवतायत एवढंच मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी परत तेच चालू झालं. मी दार ढकलून आत गेलो, बायला उचललं आणि म्हणालो, "माझ्या नातीचा खेळ मांडलाय काय तुमी?" आणि जिना उतरून रस्त्यावर आलो. माझे गुडघे आणि ती नऊ वर्षांची पोर, कसा उतरलो माझं मला ठाऊक. सून मागून चपला हातात घेऊन पळत आली.

मॅडम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतः घरी आल्या. मला वाटलं भांडतील. त्यांनी चहा घेतला, चहात साखर कमी आहे म्हणाल्या, आणि मग सांगायला लागल्या. मणी ओवायला लावले तेव्हा बाय सगळ्यात जास्त मारत होती. त्याच्या खालोखाल गुळाचा डबा बंद केल्यावर. त्यांनी नुसतं दुर्लक्ष केलं तेव्हा थोडं. आणि खेळणी पुढं असताना, कुणी काही मागत नसताना, जवळजवळ नाहीच.

"ह्या हातानं ती दोन गोष्टी सांगती, आजोबा. आईला सांगती, पुरे कर. तुमाला सांगती, गूळ दे."

मी म्हटलं, एकाच हातानं दोन गोष्टी कशा सांगेल?

"तुमी एकाच तोंडानं किती सांगता?"

सून तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही. मी विचारलं, म्हणजे मारायला मी शिकवलं काय तिला? मॅडमनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या की तुम्ही शिकवलं नाही, तिनं शिकून घेतलं. यात फरक काय, हे मी त्यानंतर पुष्कळ वेळा मनात फिरवून बघितलं आहे. अजून मला तो सापडलेला नाही.

पुढचं ठरलं ते असं. बायला मागण्याची दुसरी रीत शिकवायची. गुळाच्या खड्याचं चित्र असलेलं एक कार्ड, आणि आईसाठी आडव्या हाताचं एक कार्ड, म्हणजे पुरे. बायनं कार्ड हातात दिलं की ताबडतोब गूळ द्यायचा, ताबडतोब वेणीचा हात थांबवायचा, एक क्षण उशीर नको. आणि मारलं तर गूळ नाही. मध्ये उशी धरायची म्हणजे लागणार नाही, पण तोंडानं अवाक्षर काढायचं नाही, तिच्याकडं बघायचं नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही.

"उशी धरायची, बोलायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "आणि एक ध्यानात ठेवा, कमी व्हायच्या आधी हे वाढणार. तेव्हा कुणी कच खायची न्हाय. नाहीतर आहे त्याच्याहून वाईट होईल."

मी म्हटलं, हातावर काही न ठेवता माणूस माघारी लावायची आमच्यात रीत नाही. मॅडम म्हणाल्या, माघारी लावायचंच नाही, कार्ड आणलं की द्यायचं. हे ऐकायला सोपं होतं. कार्डाचं शिकवणं त्या स्वतः येऊन करायच्या. पहिले दोन दिवस बाय कार्ड चघळायची. तिसऱ्या दिवशी एकदा, मॅडमनी मागून हात धरून का होईना, तिनं ते माझ्या हातात टाकलं आणि मी खडा दिला. मारलं की उशी. तीन दिवस मी उशी धरली. माझ्या गुऱ्हाळातल्या माणसांनी मला तसं बघितलं असतं तर ओळखलं नसतं. नात समोर रडतेय आणि मी खिडकीकडं तोंड करून उशी धरून बसलोय.

चौथ्या दिवशी दुपारी लाइट गेली होती. सून ब्लाउज पोचवायला गल्लीच्या टोकाला गेली. बाय उठली, डब्यापाशी गेली, डब्याला मी पट्टा बांधून ठेवला होता. कार्ड समोर भिंतीवर लावलेलं होतं, तिनं बघितलंसुद्धा नाही. हात सुरू झाला. मी उशी धरली. तिनं उशी ढकलली आणि दुसरीकडून मारलं. मी तिकडं धरली. असं किती वेळ झालं सांगता येत नाही. मग तिनं हात सोडला आणि डोकं भिंतीवर आपटून घेतलं. आवाज झाला. भुवईवर लगेच टेंगूळ आलं. दुसरं घेणार तोवर मी डबा उघडून तिच्या तोंडात गूळ घातला होता.

ती गप्प झाली. मी तिला मांडीवर घेऊन बसलो. सून आली तेव्हा मी टेंगळावर ओलं फडकं धरलं होतं. पडली काय, तिनं विचारलं. मी सांगितलं भिंतीवर घेतलं. मग मी कागद ओढला आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं, उशी.

तो शब्द मी का लिहिला? सुनेनं बघितलं असतं म्हणून नाही. सून ओरडली नसती. पण वर तीन दिवसांच्या रकान्यात उशी, उशी, उशी असं लिहिलेलं होतं, माझ्या हातचं, आणि त्याखाली मला गूळ लिहवेना. चाळीस हंगामांत माझा एकही पाक बिघडला नाही असं मी लोकांना सांगत आलो. दोन बिघडले होते. तेही मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर भिंत सुरू झाली. हाताचं मारणं कमी आणि भिंत जास्त. आणि मी परत गूळ दिला. परत उशी लिहिलं. पाच-सहा वेळा तरी. मॅडम कागद बघायच्या, बायकडं बघायच्या, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडायची. त्या सुनेला विचारायच्या, मुलाला विचारायच्या, मला विचारायच्या. मी म्हणायचो, तुम्ही सांगितलं तसंच चाललंय. गुळाच्या डब्याचा पट्टा इतका घट्ट आहे की मलाच सुटत नाही, असंही एकदा म्हणालो. त्या बिचाऱ्या हसल्या.

तीन आठवड्यांनी मुलानं सांगितलं की बायला गोळ्या लिहून देणारे डॉक्टर आता मोठी गोळी चालू करणार आहेत. वागणुकीचं शास्त्र लागू पडत नाही, आणि भिंतीमुळं डोळ्याला धोका वाढला, तेव्हा दुसरा उपाय नाही. पोर दिवसभर गुंगीत राहील पण मारणार नाही. सून म्हणाली, राहू दे गुंगीत, डोळा तरी राहील. हे बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती, भाकरी थापत होती. मी जेवत होतो. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला.

गोळीची चिठ्ठी आणायच्या आधी दुसऱ्या दिवशी सगळे केंद्रात जमलो. मॅडम मोठ्या गोळीच्या बाजूनं नव्हत्या, पण कागद पुढं होता. कागद सांगत होता की सगळं बरोबर केलं आणि तरी उपयोग झाला नाही. मुलगा म्हणाला, मग काय करायचं मॅडम, आमच्या हातात अजून काय राहिलंय. तेव्हा मी बोललो. भिंतीवर घेतलं की मी गूळ देतो, आणि कागदावर उशी लिहितो, एवढंच. दोन वाक्यं. पण ती मी बसूनच बोललो, एरवी मी उभा राहून बोलतो.

मुलगा म्हणाला, "आबा, तिचा डोळा गेला असता."

मॅडमनी कागद उलटा केला, सुलटा केला. मला वाटलं आता ह्या मला सगळ्यांपुढं सोलणार. पण त्यांच्या खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं दिसलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे पोरगी बरोबर हाय. कागद चुकीचा हाय."

बरं कसं झालं, ते मला त्या दिवशी मुळीच कळलं नाही. मग त्यांनी समजावलं की बायनं अगदी शहाण्यासारखं केलं होतं. हातानं मिळेना, भिंतीनं मिळालं, तर शहाणं माणूस भिंतच धरणार. मोठी गोळी महिनाभर थांबवायची, डॉक्टरांशी त्या बोलतील असं ठरलं. मुलगा म्हणाला की मग महिनाभर आबांना गडहिंग्लजला आत्याकडं ठेवतो. सुनेनं मान हलवली. मीही मनात पिशवी भरली होती. मॅडम म्हणाल्या नको. आजोबा गेले तर ती आजोबा नसताना शिकेल, आणि आजोबा परत आले की भिंत परत येईल. ज्याच्याकडं मागायची सवय लागली त्याच्याकडंच नव्या रीतीनं मागायला शिकायला पाहिजे. मुलाला हे पटलं नाही. त्यानं ऐकलं ते मॅडमसाठी. माझ्याशी तो आठ दिवस कामापुरतं बोलला.

मग नव्यानं सुरुवात केली, आणि या वेळी मॅडमनी मला एकट्याला सोडलं नाही. पहिले दहा दिवस त्या किंवा केंद्रातली ताई दुपारी घरी असायची. भिंतीला जुन्या गाद्या उभ्या केल्या. गुळाचे हरभऱ्याएवढे खडे केले आणि तासाला वीस-वीस वेळा कार्डाची तालीम. बाय हात उचलायच्या आधीच मागून ताई तिचा हात कार्डाकडं न्यायची, कार्ड माझ्या हातात, खडा तिच्या हातात. वीस वेळा देताना मला फार बरं वाटायचं. हे तर गुऱ्हाळच झालं की, मी म्हटलं. मॅडम म्हणाल्या, आजोबा, हरभऱ्याएवढा, लिंबाएवढा नाही, दात बघा तिचे.

महिना सरता सरता ती स्वतःहून कार्ड आणून द्यायला लागली. वेणीच्या वेळी आडवा हात दाखवायची आणि सून कंगवा तिथल्या तिथं थांबवायची, अर्धी वेणी तशीच. अर्ध्या वेणीनं पोर दिवसभर हिंडायची आणि सुनेला त्याचं कौतुक. भिंत सुटली. हातही दिवसाकाठी एक-दोनवर आला. मोठी गोळी काही चालू झाली नाही. मी कागदावर खरं लिहायचो. आता सून संध्याकाळी कागद वाचायची आणि मग माझ्या डब्यातले खडे डोळ्यांनीच मोजायची. ती मोजायची, मी बघायचो. एकदा खोटं लिहिलेल्या माणसाला हे सोसावं लागतं. मला ते जड गेलं, पण मी सोसलं.

मग पावसाळ्याच्या शेवटाला एकाएकी परत सुरू झालं. कागद भरला. पण पहिल्या रकान्यात लिहायला काही सापडेना. वेणी नाही, डबा नाही, कुणी काही मागितलेलं नाही. नुसती बसलेली असताना. कार्ड दिलं तर फेकून द्यायची, खडा हातात ठेवला तर टाकून द्यायची. गूळ टाकला, हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. सून म्हणाली, मामा, खरं सांगा, मधी दिलता काय? मी नाही म्हटलं. तिनं परत विचारलं. मी परत नाही म्हटलं, आणि मला कळलं की या 'नाही'ला आता वजन राहिलेलं नाही.

मी उशी धरत होतो, खिडकीकडं तोंड करून. पण खिडकीच्या काचेत ती दिसते. दोन दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की हा हात वेगळा आहे. मूठ नाही. तळहाताचं मूळ. आणि उजवी भुवई नाही, डावा कान आणि त्याच्या खालची बाजू. पाकाचा फेस पालटला की मला पाठमोरा असतानाही कळायचं, तसंच हे कळलं, आणि एकदा कळल्यावर दुसरं काही दिसेना. कागदावर कुठं मारलं याला रकाना नव्हता. मी समासात बाण काढून 'कान' लिहिलं. मुलाला सांगितलं. मुलगा म्हणाला, आबा, तुम्हाला गूळ द्यायला निमित्त पाहिजे. सून म्हणाली, मॅडम रविवारी येणारच आहेत, तेव्हा बघू.

रविवारपर्यंत मला दम निघाला नाही. गुरुवारी मी कागद घडी करून खिशात घातला आणि चालत केंद्रात गेलो. जिन्यात दोनदा बसलो. मॅडम एका दुसऱ्या पोराबरोबर होत्या, मी बाहेर बाकावर थांबलो. त्या आल्या, कागद बघितला, बाण बघितला.

"आजोबा, मागं तुमी खोटं लिवलं होतं. हे खरं कशावरनं?"

"कशावरनं न्हाय," मी म्हटलं. "येऊन बघा."

त्या त्याच संध्याकाळी आल्या. अर्धा तास बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, उद्या सकाळी आधी कानाच्या डॉक्टरांकडं जा. कान आतून सुजला होता, पू झाला होता. थेंब आणि औषध सुरू झालं. पाच-सहा दिवसांत ते मारणं नाहीसं झालं, आलं तसं गेलं. नवीन कागदावर मॅडमनी चौथा रकाना काढला, कुठं मारलं. त्या रात्री मुलानं स्वतः माझं पाणी भरून खाटेशेजारी ठेवलं.

या गोष्टीचा मला अभिमान वाटायला हवा, आणि चार दिवस वाटलाही. शेजारच्या बाईला माझं सांगून झालं. पाचव्या दिवशी दुपारी बसलो होतो आणि मनात आलं की कान दुखायला लागल्यापासून माझ्या ध्यानात येईपर्यंत दोन दिवस मी तोंड फिरवून उशी धरली होती. पोर सांगत होती दुखतंय, आणि मी शिकवल्याप्रमाणं ऐकायचं नाही म्हणून बसलो होतो. मग त्याच्या आधीचं आठवायला लागलं. भिंत चालू होती त्या तीन आठवड्यांत कधी दात, कधी पोट, कधी डोकं दुखत नसेल कशावरून? मी गूळ दिला म्हणून ती गप्प झाली असं धरलं, पण एखाद्या वेळी कळ आपोआप ओसरली असेल तर? आणि उलटंही. त्या वर्षभरात मी ज्या ज्या वेळी लाडानं दिला, त्यात किती वेळा तिला नुसता आईचा कंगवा नको होता?

मी हे मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, सुरुवातीला आम्ही कान, दात, पोट सगळं तपासून घेतलं होतं, तेव्हा काही नव्हतं. ते खरं आहे, सूनच घेऊन फिरली होती. मग मधल्या दिवसांचं काय, मी विचारलं. त्यांनी जुने कागद काढून चाळले.

"मधल्या दिवसांचं मला सांगता येत न्हाय, आजोबा."

गेल्या महिन्यात डोळ्याच्या डॉक्टरांनी बायला परत तपासलं. पडदा जागेवर आहे. भुवईवरची जाड कातडी मऊ व्हायला लागली आहे, तिथं केसही उगवतायत. घरात पेढे आले. मी एक खाल्ला.

पण हात अजून वर जातो. दिवसाला नाही, दोन-तीन दिवसांनी एकदा. आणि तो वर गेला की मला एकाच वेळी दोन गोष्टी करायच्या असतात. तोंड फिरवायचं, म्हणजे तिला वाटणार नाही की मारलं की आज्जा बघतो. आणि बघायचं, म्हणजे कुठं मारते, मूठ आहे का तळवा, चेहरा मागणारा आहे का कळवळणारा. मी मॅडमना विचारलं, बघू का नको बघू, एक काय ते सांगा. त्या म्हणाल्या, बघा, पण तिला कळू देऊ नका.

बाय आता खिडकीची काच ओळखायला लागली आहे. परवा हात वर नेला, मी खिडकीकडं वळलो, तर काचेत ती माझ्याकडं बघत होती, हात तसाच अधांतरी. मी बघतोय हे तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मला. उशी माझ्या हातात होती. मी ती धरावी की खाली ठेवावी हे मला ठरवता येईना, आणि तीही काही ठरवेना. आम्ही दोघं तसेच थांबलो. मग तिनं हात खाली घेतला आणि खेळायला गेली. कागदावर हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला समजलं नाही, म्हणून मी ते इथं लिहिलं.